तारेची फिरकी आणि जिताडा

पेणचें नांव निघालें कीं शहरांतील घरांना प्रथम गणेशमूर्ति आठवतात, आणि रोह्याचें निघालें कीं कुंडलिकेचा कांठ. या दोन गांवांना जोडणारी तिसरी एक गोष्ट मात्र ताटांत वाढली जाते, ती म्हणजे जिताडा. पेणची भोगावती असो वा रोह्याची कुंडलिका, भरतीचें खारें पाणी नदीच्या गोड्या पाण्यांत मिसळतें तेथें हा मासा वाढतो. पेणकडील शेतकरी त्याचीं पिलें खाडींतून आणून घराजवळच्या तळ्यांत सोडतात; पाहुणा आला म्हणजे त्यांतला एखादा मासा बाहेर निघतो. कोळी लोक त्याला जाळ्यानें आणि आमिष लावलेल्या गळानें धरीत आले आहेत. परंतु त्याच्यासाठीं घरीं बसून वीतभर तार आणि पक्कड यांच्या साह्यानें एक छोटेसें साधन तयार करतां येतें. इंग्रज त्याला स्पिनर म्हणतात. मराठींत फिरकी म्हणावें.

फिरकींत खाण्याजोगें कांहींच नसतें, हीच तिची गंमत. पाण्यांतून ओढली म्हणजे तिचें धातूचें पातें तारेभोंवतीं गरगर फिरतें, चमकतें आणि पाणी थरथरवितें. जिताडा लहान माशांवर जगणारा शिकारी. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस शेपटीपर्यंत जी रेषा दिसते, तिच्या योगानें त्याला पाण्यांतील हालचाल जाणवते. म्हणून खाडी गढूळ असली तरी पात्याचा ठोका त्याला कळतो, आणि पळणारा मासा समजून तो झडप घालतो.

गळ टाकणें ही कांहीं साहेबांनीं आणलेली करमणूक नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११२९ सालीं रचलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाला स्वतंत्र जागा आहे. चमकणारें पातें मात्र पश्चिमेकडून आलें. अमेरिकेंतील ज्यूलिओ ब्यूएल याच्या हातून चमचा तळ्यांत पडला व एका माशानें तो धरला, अशी आख्यायिका आहे. खरेंखोटें कांहींही असो, त्यानें १८५२ सालीं अशा पात्याचें पेटंट घेतलें. तारेवर फिरणाऱ्या पात्याला फ्रान्समध्यें आंद्रे म्यूलनार यानें १९३८ सालीं जें रूप दिलें, बहुतेक तेंच आज दुकानांत मिळतें.

तार निवडण्यांतच पुष्कळांची चूक होते. सतारीची तार फार बारीक, सायकलीच्या चाकाचा आरा फार जाड, आणि साधी लोखंडी तार खाऱ्या पाण्यानें लौकरच गंजते. न गंजणाऱ्या पोलादाची, पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची सरळ तार घ्यावी. पक्कड गोल व निमुळत्या तोंडाची, सोनाराजवळ असते तशी. तारेच्या टोंकापासून दोन-तीन बोटें सोडून तार आधीं किंचित् मागें वांकवावी आणि मग पुढें वळवून कडी करावी. हा मागचा वांक आळसानें सोडला तर कडी तारेच्या एका अंगाला बसते. मग ओढतांना पात्याऐवजीं सगळी फिरकीच फिरूं लागते आणि दोरीला पीळ बसतो. कडीचा मध्य तारेच्या रेषेंतच आला पाहिजे. उरलेल्या टोंकाचे तीन घट्ट वेढे देऊन तें कापून टाकावें.

नंतर दुसऱ्या बाजूनें ओंवणी करावी. प्रथम वांकविलेली पितळेची लहान पट्टी व तिच्यांत अडकविलेलें पातें, मग मणी, त्यामागें वजनासाठीं पितळेची नळी. शेवटीं दुसरी कडी. ती बंद करण्यापूर्वीं तिच्यांत गळ घालावा. मणी शोभेसाठीं नाहीं. तो गाळला तर पट्टी नळीवर घासते आणि पातें अडतें. पातें पितळी पत्र्याचें. लांकडांतल्या खळग्यावर ठोकून त्याला पळीसारखा खोलवा द्यावा आणि खोलगट बाजू तारेकडे ठेवावी.

पात्याच्या आकारांत पेण आणि रोहें यांचे मार्ग वेगळे होतात. १९२७ सालीं भिरा येथें वीजघर सुरू झाल्यापासून मुळशीच्या तलावाचें पाणी घाट उतरून कुंडलिकेला मिळतें. ज्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांबरोबर सत्याग्रह केला, त्याचेंच हें पाणी. म्हणून उन्हाळ्यांतही तिला ओढ असते. तेथें बांबूच्या पानासारखें अरुंद पातें हवें. तें तारेलगत फिरतें आणि प्रवाहांत वर उचललें जात नाहीं. पेणकडच्या संथ पाण्यांत रुपयासारखें गोल पातें बरें. हळू ओढलें तरी तें फिरतें. तेथलीं तळीं मालकीचीं असतात, तेव्हां विचारल्यावांचून फिरकी टाकूं नये.

एकाच जागीं तार दोनदां वांकविली कीं ती थकते. टेबलावर हें दिसत नाहीं, चार किलोंचा मासा लागला म्हणजे दिसतें. तार तुटते आणि मासा गळ तोंडांत घेऊन जातो. जिताड्याच्या बाबतींत ही हानि एका माशापुरती राहत नाहीं. हा मासा प्रथम नर म्हणून वयांत येतो आणि कांहीं वर्षांनीं, मोठा झाल्यावर, मादी होतो. खाडींतला फार मोठा जिताडा ही बहुधा मादीच. पावसाळ्यांत खाडीच्या मुखाकडे ती अंडीं घालते, आणि शेतकऱ्यांच्या तळ्यांत येणारीं पिलें त्यांतलींच.

बाजारच्या फिरकीला बहुधा तीन तोंडांचा गळ असतो. घरच्या फिरकीला एकच तोंड लावावें आणि त्याचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा. त्यानें कांहीं मासे सुटतील, हें खरें. परंतु मोठी मादी पाण्याबाहेर न काढतां क्षणांत मोकळी करतां येते. घरीं आल्यावर फिरकी गोड्या पाण्यांत धुऊन पुसावी आणि दोन्ही कड्यांवरून नख फिरवावें. नखाला खांच लागली तर पातें व मणी काढून घ्यावे आणि नवी तार कापावी.