रोजकीर्द चिपळूणची, राखणदार जगभरचे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२२ जुलै २०२१ हा दिवस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि पुरुषभर उंचीच्या वर गेले. माझा रत्नागिरीत संगणक दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे. पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेले संगणक माझ्याकडे येऊ लागले. त्यांतला एक किराणा दुकानाचा होता. मालकांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपून ठेवली होती आणि संगणक त्या खुणेच्या वर, फळीवर ठेवला होता. हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढलेली होती. तो पेन ड्राइव्ह कुठे होता? त्याच टेबलाच्या खणात.

मी चार दिवस खटपट केली, पण काही हाती लागले नाही. काका म्हणाले, "अहो, मशीन गेलं तर नवीन घेऊ. पण उधारी कोणाकडे किती, ते आता कोण सांगणार?" काही गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन आकडे सांगितले. बाकीची उधारी त्यांनी सोडून दिली.

या प्रसंगाने मला डेटाबेस या विषयाकडे ढकलले. डेटाबेस म्हणजे संगणकातली हिशेबाची वही. बँकेतले खाते, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्यातले केसपेपर, सगळे अशाच वह्यांत असते. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येही एसक्यूलाइट नावाची अशी वही आहे. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली तयार केली आणि सर्वांसाठी खुली करून टाकली.

काकांच्या नव्या दुकानासाठी मी पोस्टग्रेस हा खुला डेटाबेस निवडला. १९८६ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी त्याचे काम सुरू केले. विद्यापीठाने ते काम थांबवल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी ते उचलले आणि १९९६ पासून तेच लोक ते पुढे नेत आहेत. तो वापरायला पैसे पडत नाहीत आणि त्यात बदल करायलाही कोणाची परवानगी लागत नाही.

त्याची रीत आपल्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना लगेच कळली असती. आधी रोजकीर्द, मग खतावणी. प्रत्येक व्यवहार तो आधी रोजकीर्दीत टिपतो आणि नंतर खात्यावर चढवतो. त्यामुळे खतावणी बिघडली तरी जुनी प्रत आणि त्यानंतरची रोजकीर्द हाताशी असेल, तर हव्या त्या क्षणापर्यंतचा हिशेब पुन्हा उभा करता येतो. ही सोय २००५ साली आली, ती सायमन रिग्ज या इंग्रज गृहस्थांच्या कामामुळे. २०१० मध्ये पुढची पायरी आली. दुसऱ्या गावच्या संगणकावर तीच रोजकीर्द लगोलग उतरत राहते आणि तिथली वही वाचताही येते. त्या कामाच्या नोंदीत तीन नावे ठळक आहेत. जपानचे फुजी मसाओ, फिनलंडचे हेइक्की लिन्नाकांगस आणि पुन्हा रिग्ज. यांतल्या कोणी चिपळूणचे नावही ऐकले नसेल, पण काकांची वही आज त्यांच्या कामावर उभी आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीअखेर बंगळूरला पोस्टग्रेसची भारतातली परिषद भरली, तेव्हा मी कोल्हापूरमार्गे रात्रीच्या गाडीने गेलो. मनात धाकधूक होती. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या लोकांत रत्नागिरीचा दुरुस्तीवाला काय बोलणार? पण तिथे लोक चहाच्या कपाबरोबर आपापल्या चुकाच सांगत होते. एका तरुणाने सांगितले, "आमच्याकडे दोन वर्षं रोज प्रत निघत होती. गरज पडली त्या दिवशी एकही प्रत उघडेना." मी पुराची गोष्ट सांगितली. त्यावर एका बाईंनी विचारले, "आता प्रत दुसऱ्या गावी आहे ना? मग तिच्यावरून दुकान उभं करून पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. शिवाय, दुकानात चुकून एखादे खाते पुसले गेले तर दुसऱ्या गावच्या वहीतूनही ते त्याच क्षणी जाते, म्हणून जुनी प्रतही वेगळी ठेवावी, हेही त्यांनीच समजावले. माझ्या प्रवासखर्चाचे चीज तिथेच झाले.

घरी येऊन महिना होतो न होतो तोच, २६ मार्च २०२४ रोजी सायमन रिग्ज विमान अपघातात गेले. ओळख ना देख, तरी त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केले. दुसऱ्या दिवशी काकांची वही नेहमीसारखी चालू होती. काम अनेकांना ठाऊक असले की एक माणूस गेल्याने ते थांबत नाही.

मालकी एकाची असली की मात्र काळजी असते. मायएसक्यूएल हा खुला डेटाबेस सन कंपनीने २००८ साली एक अब्ज डॉलरना घेतला आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मूळ कर्ते मॉन्टी विडेनियस यांनी त्याचीच प्रत घेऊन मारियाडीबी सुरू केला. २०२४ च्या मार्चमध्ये रेडिस कंपनीने अटी बदलल्या, तेव्हा जुन्या जाणत्यांनी थोड्याच दिवसांत वाल्की नावाने वेगळी चूल मांडली. प्रत घेण्याची मोकळीक होती, म्हणूनच हे जमले.

पण मोकळीक म्हणजे फुकटचा माल नव्हे. आपल्याकडे पावसाळा संपला की ओढ्यावर श्रमदानाने बंधारा घालतात. पाणी सर्वांचे असते, पण बंधारा घालायला कोणी आलेच नाही तर पाणी वाहून जाते. पोस्टग्रेसची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि ती येण्याआधी चाचणीसाठी खुली ठेवतात. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी ती घरी चालवून पाहावी, दोष दिसला तर कळवावा, अडेल तिथे विचारावे. त्यासाठी बंगळूरला जायलाच हवे असे नाही. महिन्यातून एकदा रत्नागिरीतच दहा जण जमले तरी सुरुवात होईल.

आणि तुमचे दुकान असो, पतसंस्था असो की शाळा, एक काम या आठवड्यात करा. हिशेबाची प्रत कुठे आहे ते पाहा, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. काकांच्या दुकानात आम्ही दर संकष्टीला हे करतो. तारीख लक्षात राहते म्हणून संकष्टी, एवढेच. आता त्यांच्या वहीची दुसरी प्रत रत्नागिरीत माझ्याकडे असते. वीज गेली, जोडणी तुटली, तरी ती परत आल्यावर राहिलेली कीर्द उतरून घेते. मागच्या पावसाळ्यात वाशिष्ठीचे पाणी वाढल्याची बातमी आली, तेव्हा काकांचा फोन आला. "तुमच्याकडे सगळं उतरलंय ना?" मी पडद्यावर पाहिले. शेवटची नोंद दोन किलो साखरेची होती, उधारीवर. मी म्हणालो, "उतरलंय काका. तुम्ही आधी वरच्या मजल्यावर जा."