शांततेच्या पंचाईतींत बोलणार कोण ?

(पारगांव येथें झालेलें भाषण)



बांधावरून दोघां भावांत तंटा लागला, आणि निवाड्याला त्या शिवारांत ज्यांचें ढेकूळही नाहीं असेच पांच जण कायमचे पंच बसले, तर तुम्ही तो निवाडा मानाल काय ? जगाच्या शांततेचा कारभार असाच चालला आहे, हें आम्हांस आपणांपुढें मांडावयाचें आहे.

१९१९ सालीं पॅरिस येथें राष्ट्रसंघाची घटना होत असतां जपाननें सूचना केली कीं, वर्ण न पाहतां राष्ट्रें समान मानावीं. सतरांपैकीं अकरा मतें बाजूनें पडलीं. पण एकमत नाहीं म्हणून अध्यक्ष विल्सन यांनीं ती बाजूस सारली. १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघ झाला. त्याच्या सुरक्षा समितींत अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व चीन हे पांच कायमचे. यांतील एकानें नको म्हटलें कीं ठराव बुडाला. शांतिसेना बहुतकरून जाते आफ्रिकेंत. पण त्या खंडास तेथें कायमची एकही जागा नाहीं. शांतिसेनेच्या खात्याचे मुख्य १९९७ पासून एकामागून एक फ्रेंच गृहस्थच होत आले. आपल्याकडील वतनें कायद्यानें गेलीं. हें वतन मात्र टिकून राहिलें!

उन्हांत उभें कोण राहतें ? भारतानें आजवर दोन लाखांहून अधिक जवान या कामीं धाडले; दीडशेंहून अधिक जिवंत परतले नाहींत.

कोणी म्हणेल, आपलेही सेनापती होतात. होतात. मराठा लाइट इन्फन्ट्रींतून वर आलेले जनरल सतीश नंबियार १९९२ सालीं युगोस्लाव्हियांतील शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले. पण सैन्य किती द्यावें, त्यानें काय करावें, हें ठरतें न्यूयॉर्कांत.

पगाराचेंही तेंच. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याचा पगार सर्वांत जास्त पगार देणाऱ्या देशाकडे पाहून ठरतो. त्याच कचेरींतील स्थानिक माणसाचा, त्या मुलखाच्या दरानें. भाषा, वाटा, भांडणाचें मूळ जाणतो तो दुसराच.

आतां घरचें पाहूं. २००७ सालीं आपल्या राज्यांत तंटामुक्त गांव मोहीम निघाली, गांवोगांव समित्या झाल्या. येत्या ग्रामसभेंत समितीचीं नांवें मोठ्यानें वाचून घ्या. मजूर, कारागीर, बायका, म्हणजे तंट्याचा मार ज्यांवर पडतो, त्यांचें माणूस तींत नसेल, तर उठून विचारा. गांवांत हें विचारण्याची संवय लागली, म्हणजे जगालाही तेंच विचारावयास आपण मोकळे.