सायकलीच्या सांगाड्याचा लवचीकपणा व टिकाऊपणा

अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीकडे येणाऱ्या रस्त्यावर, मागें जड ओझें बांधलेली एखादी जुनी सायकल खड्ड्यांतून जातांना निरखून पाहिली, तर तिचा सांगाडा किंचित् लवतांना दिसतो. तें पाहून पुष्कळ सुशिक्षितही म्हणतात कीं, पोलाद वापरानें मऊ पडलें, आतां गाडी मोडींत घालावी. या समजुतीपायीं चांगल्या गाड्या भंगारांत जातात आणि खरोखर धोक्याच्या गाड्या रस्त्यावर राहतात.

पोलादाची स्थितिस्थापकता वयानें कमी होत नाहीं. भार पडला कीं नळी वांकते, भार निघाला कीं पूर्ववत् होते. साधें पोलाद व भारी मिश्र पोलाद यांच्या ताठपणांत फारसा फरकही नसतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनें १९३५ सालीं काढलेल्या मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या प्रसिद्ध नळ्या अधिक ताठ नव्हत्या, अधिक बळकट होत्या. म्हणून त्या पातळ करतां आल्या. ताठपणा हवा तर व्यास वाढवावा लागतो: जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तो सुमारें ८ पट होतो. जुनी गाडी ढिली वाटते ती बहुधा छरे झिजल्यामुळें किंवा चाकांच्या तारा सैल झाल्यामुळें. आळ मात्र सांगाड्यावर येतो.

मग सांगाडा मोडतो कां? जर्मन इंजिनीयर ऑगस्ट व्होलर यानें एकोणिसाव्या शतकांत आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ताण एका मर्यादेच्या आंत असेल तर पोलाद लाखों हिसके सोसतें. मर्यादा ओलांडली कीं बारीक चीर पडून ती हिसक्यागणिक वाढते. सायकलींत ही चीर नळीच्या मध्यावर क्वचितच, सांध्यापाशीं बहुधा पडते. वज्रेश्वरीच्या नांवांत वज्र असलें, तरी सांगाड्यास निव्वळ कठीणपणा घातकच. अतिकठीण पोलाद काचेप्रमाणें तडकतें.

कोंकणच्या पावसांत दुसरा शत्रु गंज. सीटच्या दांड्याच्या फटींतून पाणी आंत उतरतें, पायडलांच्या आंसाच्या पेटींत सांचतें, आणि बाहेरचा रंग शाबूत असतां नळी आंतून खाल्ली जाते. गंजाच्या खळग्यांतच पुष्कळदां चिरेचा आरंभ होतो. म्हणून पावसाळ्यानंतर दांडा काढून, गाडी उलटी करून पाणी निथळूं द्यावें, आंत तेल फिरवावें, व सांध्यांवरील रंगांत केसाएवढी तांबूस रेघ आहे काय तें पाहावें. अशी रेघ हँडलखालच्या सांध्यावर किंवा पुढल्या फोर्कवर दिसली, तर वरून वेल्डिंगचा थर चढवून गाडी वापरूं नये. मागली नळी तुटली तर बहुधा थांबावयास अवसर मिळतो. पुढला सांधा उतारावर तुटला, तर स्वार तोंडावर आपटतो.