पदके आणि हजेरीपट

(लोणंद येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस क्रीडेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिला मान देऊन आम्ही उभे आहोत.

आपल्या सातारा-सांगलीकडील भूमीस या बाबतीत अभिमान वाटावा असेच आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुष्काळी माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आपल्या शेजारच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीस उतरले. साताऱ्याच्या अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेत्या झाल्या.

या सर्वांचा गौरव अवश्य व्हावा. परंतु आम्ही उभा जन्म शाळेत हजेरी मांडण्यात घालविला. एक विद्यार्थी पहिला आला, एवढ्यावरून सारा वर्ग हजर होता असे कोणताही शिक्षक लिहीत नाही. क्रीडेचा हिशेबही असाच पाहिला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तितकी शारीरिक हालचाल करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. २०२२ साली पुरुषांत ते ४२, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. आणि अपेक्षा तरी किती? आठवड्यास १५० मिनिटे. म्हणजे दिवसाकाठी पुरती बावीसही नव्हेत! शेतातले व घरातले कष्टही या हिशेबात धरलेले आहेत, हे विसरू नये.

हा दोष भगिनींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शाळा सुटली की मुलीचे मैदान सुटते. विवाहानंतर तर तिला खेळावयास कोणी बोलावीतही नाही. मुलास तालीम आणि मुलीस अंगण, अशी वाटणी आपणच केली आहे.

याचा उपाय परका नाही. तो दरवर्षी आपल्या दारावरून जातो. माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून निघते आणि तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. त्या वारीत साठी उलटलेल्या बाया फुगड्या घालतात, वृद्ध हुतूतू खेळतात; वय कोणी विचारीत नाही, हसतही नाही. वारीत जे शोभते ते एरवी का शोभू नये?

म्हणून दोन सूचना करतो. आपल्या सभागृहाचे पटांगण आठवड्यातून दोन सायंकाळी केवळ स्त्रिया व मुली यांच्यासाठी राखावे. तसेच पुढील स्मरणिकेत पारितोषिकांच्या यादीशेजारी गावोगावच्या नियमित खेळणाऱ्यांचा पट छापावा. मुले, मुली, गृहिणी, वृद्ध असे चार रकाने असावेत. प्रारंभी आकडे लहान असतील. तेही प्रामाणिकपणे छापावेत, कारण कोरा रकाना डोळ्यांसमोर आल्यावाचून तो भरण्याची बुद्धी होत नाही.