हवेची नोंद, घरच्या घरी



जर्मनीतील स्टुटगार्ट शहर डोंगरांच्या खोलगटीत वसले आहे. तेथे धूर कोंडून राहतो. २०१५ साली तेथील हौशी नागरिकांनी ‘लुफ्टडाटेन’ उपक्रम सुरू केला. सांडपाण्याच्या पाइपाचे दोन बेंड, त्यांत धूलिकणांचा सेन्सर आणि नोडएमसीयू हा तळहाताएवढाही नसलेला मायक्रोकंट्रोलर. एवढा सरंजाम बाल्कनीत टांगायचा. सुमारे अडीच मिनिटांनी आकडा इंटरनेटवर जातो आणि नकाशावर कोणालाही पाहता येतो.

सेन्सरमधला पंखा हवा ओढतो. लेसरचा प्रकाश कणांवर पडून विखुरतो, त्यावरून आकडा निघतो. पण धुक्याचा थेंबही त्या बिचाऱ्याला धूळच वाटतो! दमट हवेत आकडा फुगतो; आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. हे ठाऊक असून तो आकडा तसाच जगापुढे ठेवणे, ही माझ्या मते खोटी साक्ष होय. म्हणून शेजारी आर्द्रतेचाही सेन्सर लावतात.

मुलाने, आणि मुलीनेही, असे साहित्य मागितले तर खेळणे म्हणून झिडकारू नका. आकडा दाखवायला आली की एवढेच विचारा, “त्या वेळची आर्द्रता किती होती?”