गोधडीचे तुकडे कापण्याचे यंत्र : निवड करताना

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोधडीसाठी शिलाईयंत्राखेरीज आणखी एखादे यंत्र लागते असे पूर्वी कोणी म्हटले असते, तर घरातील वृद्ध स्त्रियांनी ते हसण्यावारी नेले असते. जीर्ण लुगडी, धोतरे, मुलांना अपुरे झालेले सदरे एकावर एक अंथरावेत, धावदोरा घालीत जावे आणि थंडीच्या आत वाकळ पुरी करावी, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज परिस्थिती थोडी निराळी आहे. महिला मंडळे व बचत गट नव्या सुती कापडाच्या, ठरावीक नमुन्याच्या गोधड्या, पिशव्या आणि अभ्रे विक्रीसाठी तयार करतात, आणि शेकडो सारखे तुकडे कापून हात दुखू लागले म्हणजे डाय-कटिंग यंत्राचा विषय निघतो. यंत्र आकर्षक असते. परंतु त्यावर खर्च होणारा पैसा गटाच्या काही वर्षांच्या बचतीचा असतो. अयोग्य यंत्र घरात आले तर ते कपाटावर धूळ खात पडतेच, शिवाय पुढच्या एखाद्या चांगल्या सूचनेलाही गटातून विरोध होऊ लागतो.

म्हणून यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न दुसरा आहे. गोधडी कोणती शिवायची, हा पहिला.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंद नावाची गोधडी शिवतात. हाती येईल त्या आकाराचा तुकडा घ्यायचा, त्याची कड दुमडायची आणि एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने मध्याकडे यायचे, अशी त्यांची पद्धत आहे. कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे लहान दुमडलेले तुकडे बसविल्याखेरीज ती पूर्ण झाली असे मानीत नाहीत. तिच्यात दोन तुकडे एका मापाचे सापडणे कठीण, आणि तिचे सौंदर्य त्यातच आहे. अशा कामात डायला स्थान नाही. ग्राहक तिच्यात हाताची खूण शोधीत असतो; तेथे साच्यातून काढलेले तुकडे घालणे म्हणजे विक्रीचे कारणच नाहीसे करणे होय. शिवाय झिजून विरविरीत झालेले लुगडे डायखाली नीट पसरत नाही, ओढले जाते, आणि तुकडा वाकडा निघतो. जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या गटाने हे यंत्र घेऊच नये, असे स्पष्ट सांगणे अगत्याचे वाटते.

ठिगळकामाची गोष्ट वेगळी. समजा, ६० इंच रुंद व ७२ इंच लांब गोधडी तीन इंची चौकोनांची करावयाची आहे. एका रांगेत २० चौकोन, अशा २४ रांगा, म्हणजे एकूण ४८० तुकडे झाले. शिलाईसाठी चारी बाजूंनी पाव इंच सोडावा लागतो, म्हणून प्रत्येक तुकडा साडेतीन इंचांचा कापावा लागतो. आता कापताना प्रत्येक तुकड्यात केवळ अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, फरक पडला असे धरा. वीस तुकड्यांच्या रांगेत तो फरक सव्वा इंच होतो. एक रांग सव्वा इंच लांब आणि शेजारची बरोबर, अशी स्थिती आली की गोधडी कुठे फुगते, कुठे ओढली जाते. शिवणारीचा हात कितीही सफाईदार असला तरी कापणीतील ही चूक शिलाईत झाकता येत नाही.

पूर्वी यासाठी पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलीने आखीत आणि कात्रीने कापीत. १९७९ मध्ये जपानमधील ओल्फा या संस्थेने फिरत्या गोल पात्याचा हातकटर बाजारात आणला आणि सरळ कापणीचे काम फार सोपे झाले. गोल कटर, जाड पारदर्शक पट्टी आणि खाली घालावयाची मॅट एवढ्या सामग्रीवर चौकोन, आयत व पट्ट्या उत्तम कापता येतात. तुकडे एकमेकांना लागून निघत असल्याने कापडही वाया जात नाही. डायमध्ये दोन आकारांच्या मध्ये जागा सोडलेली असते, तेवढे कापड दर खेपेस कतरणीत जाते. केवळ चौकोनी ठिगळांचे काम करणाऱ्या गटाने, आवश्यकता नसताना, या अधिक खर्चात पडू नये. डायचा खरा उपयोग होतो तो त्रिकोण, षट्कोन, पाकळी, पान, पाव वर्तुळ अशा आकारांना. चांगल्या डायमध्ये त्रिकोणाची टोके आधीच छाटलेली निघतात, त्यामुळे दोन तुकडे कसे जुळवावेत हे नवशिक्या मुलीलाही समजते.

डाय म्हणजे काय? लाकडी फळीत खाच पाडून तीत धारदार पोलादी पट्टी हव्या त्या आकारात बसविलेली असते आणि पात्यांच्या आसपास स्पंज भरलेला असतो. दाब पडला की स्पंज दबतो, पाते कापडात शिरते. दाब सुटताच स्पंज तुकडा वर ढकलतो. येथे एका फसगतीपासून सावध राहिले पाहिजे. कागदकामासाठी मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या डाय स्वस्त असतात, पण त्यांनी सुती कापडाचे धागे नीट तुटत नाहीत. अमेरिकेतील शाळांत फलकावरची कागदी अक्षरे कापण्यास शिक्षक अशीच दाबयंत्रे वापरीत आले आहेत. गावातील शाळेने व महिला मंडळाने मिळून एक यंत्र वापरावयास हरकत नाही; फक्त कागदाच्या डाय व कापडाच्या डाय वेगळ्या ठेवाव्यात, कारण कागदाने पात्याची धार लवकर जाते.

यंत्रांपैकी घरगुती कामाला योग्य ते हाताने फिरवायचे रुळांचे यंत्र. रसवंतीगृहातील चरकाची आठवण व्हावी अशी त्याची रचना असते : डाय, तिच्यावर कापड, वर प्लास्टिकची मॅट, असा थर दोन रुळांमधून दांडा फिरवून पलीकडे काढावयाचा. वीज लागत नाही, हा आपल्या खेड्यांत मोठा गुण. अमेरिकेतील अ‍ॅक्युक्विल्ट या संस्थेच्या घरगुती यंत्रात सुती कापडाचे सहापर्यंत थर एका वेळी कापता येतात. साडेतीन इंची तीन चौकोनांच्या डायवर सहा थर म्हणजे एका खेपेस १८ तुकडे. वरील गोधडीचे ४८० तुकडे २७ खेपांत निघतील. अर्थात कापड इस्त्री करणे, डायच्या मापाच्या पट्ट्या पाडणे, थर बसविणे यांना लागणारा वेळ विक्रेते सहसा सांगत नाहीत. तो हिशेबात धरावा.

याच जातीचे विजेवर चालणारे यंत्र मनगट दुखणाऱ्या भगिनींना उपकारक ठरते. मात्र अमेरिकेतून मागविलेले यंत्र तेथील ११० व्होल्टच्या विजेसाठी असू शकते. आपल्याकडील २३० व्होल्टला ते थेट जोडल्यास मोटार जळेल. पादत्राणांच्या कारखान्यांत चामडे कापणारे क्लिकर नावाचे दाबयंत्र असते. ते कापडाचे पुष्कळ थर एका ठोक्यात कापते, परंतु त्याचे वजन, जागा व धोका पाहता मोठ्या आणि नियमित मागणीखेरीज त्याचा विचार करू नये. घ्यावयाचेच झाल्यास दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय खाली न येणारेच घ्यावे. संगणकाच्या आज्ञेने सुरी फिरविणारी यंत्रेही आता मिळतात. त्यांना डाय लागत नाही, नाजूक नक्षी उत्तम कापतात. पण बहुधा एकच थर कापीत असल्याने शेकडो तुकड्यांच्या कामास ती संथ पडतात.

खर्चाचा विचार करताना बहुतेक गट यंत्राची किंमत पाहतात आणि डायची विसरतात. प्रत्येक आकाराला, आणि त्या आकाराच्या प्रत्येक मापाला, वेगळी डाय लागते. मॅट झिजते, ती अधूनमधून फिरवून व उलटवून वापरली तरी कधीतरी बदलावी लागते. समजा यंत्र, चार डाय व मॅट मिळून पाच वर्षांत ३६,००० रुपये लागले. वर्षाला ६० गोधड्या होत असतील तर दर गोधडीवर १२० रुपये भार पडेल. वर्षाला सहाच होत असतील तर १,२०० रुपये. दुसऱ्या गटाने तालुक्याच्या ठिकाणी एखादे यंत्र आधीच घेतले असेल, तर त्याच्याकडून कापणी करून घेणे अधिक शहाणपणाचे.

डाय परदेशातूनच आणावी लागते असे नाही. पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्या छापखान्यांसाठी डाय तयार करणारे कारागीर शहरांतून आढळतात. त्यांच्या कामात पात्याची प्रचलित उंची २३.८ मिलिमीटर असते. ही डाय आपल्या यंत्राच्या रुळांमधील फटीतून जाईल की नाही, हे यंत्र घेण्यापूर्वीच मोजून पाहावे. सर्व डाय एकाच मापपद्धतीच्या असाव्यात; इंची चौकोनाला सेंटिमीटरचा त्रिकोण जुळत नाही.

वापरातील दोन गोष्टी. कापडाचा उभा धागा, म्हणजे काठाला समांतर असलेला ताणा, कमी ताणला जातो. म्हणून कापड उभ्या धाग्याने रुळांत शिरेल असे ठेवावे. आणि लांब सरळ पाते रुळाला समांतर असले की दांडा अडतो. यासाठीच जाणते कारागीर फळीवर आकार थोडे तिरके बसवितात.

विक्रेत्याच्या दुकानात त्याच्या कापडावरील प्रात्यक्षिक पाहून समाधान मानू नये. गटाने आपले नेहमीचे कापड न्यावे, सहा थर कापून सर्वांत खालचा व सर्वांत वरचा तुकडा एकमेकांवर ठेवावा, धागे अर्धवट राहिले का ते पाहावे. नंतर साडेतीन इंची नऊ तुकडे तीन-तीनच्या रांगांत, पाव इंच शिलाई घेऊन जोडावेत. तयार चौकट साडेनऊ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर आधी शिलाई मोजावी, आणि ती बरोबर असूनही फरक राहिला तर ती डाय परत करावी.