न आलेल्यांची चौकशी



आम्ही प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, धर्मशास्त्र शिकलेल्या नव्हे. तेव्हा बोलणे साधेच.

रविवारच्या मराठी उपासनेला माणसे कमी येतात, तर ती चालू ठेवावी की नाही, असा प्रश्न आपल्यापुढे आहे. बर्मिंगहॅमला हा प्रश्न नवा नाही. बिशप लेस्ली न्यूबिगिन १९३६ साली भारतात गेले, तमिळ मुलखात त्यांनी सेवा केली आणि १९७४ साली परतून सेली ओकला शिकवू लागले. पुढे विन्सन ग्रीनमधले, तुरुंगाजवळचे एक लहान चर्च बंद व्हायच्या बेतात आले. सत्तरीला टेकलेल्या बिशपांनी ते स्वतःकडे घेतले आणि ते दारोदार फिरले. इथले काम भारतापेक्षा कठीण वाटले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. गोऱ्या शेजाऱ्यांच्या दारात अनेकदा थंडपणा मिळे, शीख-हिंदू घरांत मात्र स्वागत होई. (आपल्याकडे चहाशिवाय कोण कोणाला परत पाठवतो?)

वर्गात तीस मुले असली तरी हजेरी घेताना आम्ही चौकशी करतो ती न आलेल्याची. पाळकांनीही तसाच हजेरीपट ठेवावा. तीन रविवार न दिसलेल्या माणसाच्या घरी चौथ्या आठवड्यात जावे. फोन नव्हे, स्वतः जावे. गेल्यावर दान, वर्गणी यांचा विषय काढू नये. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या आपल्या पूर्वजांना कागदावर नंबर मिळाला होता. आपल्या लोकांना नावाने हाक मारणारा माणूस लागतो.

आणि सगळे आपणच पुरे करायचे, हा भार घेऊ नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला भजन-कीर्तनाची गोडी लावली. १९१९ साली ते वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी कधी शाळा पाहिली नव्हती. तुमच्या मंडळीतही अशा बाया आहेत, त्यांना प्रार्थना चालवू द्या. तबला पोरांच्या हाती द्या, ताल चुकला तरी चालेल. आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या घरच्यांना द्या. थकलेला पाळक दुसऱ्याला काय धीर देणार?

उपासनेचा निर्णय घरोघरी जाऊन आल्यावर घ्या. घरांची यादी आम्ही शिक्षिका करून देऊ, आणि पहिल्या काही घरी बरोबरही येऊ.